आडगाव खुर्दची बदली

सर्जेराव तुपे हा माणूस वाईट असता तर माझं काम फार सोपं झालं असतं. पण तो चांगला आहे. हडपसरचा आहे, मोठ्या घरचा आहे, मोठ्याने हसतो, ओळख होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर खांद्यावर हात टाकतो, आणि त्याच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर माझ्या रेल्वेच्या आठपट मोठी रेल्वे आहे. मला त्याचा मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लपणार नाही. मी लपवायचा प्रयत्न केला होता, पण आमच्या हिने, म्हणजे चैतालीने, पहिल्याच दिवशी विचारलं, "हडपसरहून आल्यापासून तुम्ही छताचे दिवे का मोजताय?" मी दिवे मोजत नव्हतो. मी वर बघून सुस्कारे टाकत होतो.

रेल्वे म्हणजे अर्थातच घरातली. 'खेळण्यातली' म्हणालात तर आपलं बोलणं इथेच संपलं. वीतभर लांबीचं इंजिन, बोटभर रुंदीचे रूळ, खरे सांधे, खरे सिग्नल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून मी आमच्या हॉलच्या भिंतींना फळ्या मारून त्यावर हे उभं करतो आहे. मुख्य स्टेशनाचं नाव शनिवार पेठ जंक्शन. शनिवार पेठेत रेल्वे आणली नाही ही ज्यांची चूक असेल त्यांची असो, मी ती माझ्या घरापुरती दुरुस्त केली. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याच्या डोक्यामागून मालगाडी जाते. काही पाहुणे दचकतात. माझे मेहुणे तर चहा सांडून उठले होते, पण ते कशानेही सांडतात.

आता, गाडी नुसती गोल गोल फिरवणं हा पोरखेळ झाला. आम्ही करतो ते 'सेशन'. चार माणसं जमतात. कोणी स्टेशनमास्तर, कोणी ड्रायव्हर, आणि एक सेक्शन कंट्रोलर, म्हणजे सगळ्या मार्गाचा धनी. वेळापत्रक असतं. स्टेशनमास्तरने फोन करून परवानगी मागायची, कंट्रोलरने 'लाइन क्लिअर' म्हणायचं, मग ड्रायव्हरने हातातल्या रिमोटने गाडी हाकायची आणि तिच्याबरोबर चालत जायचं. 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय डबा तसूभर हलता कामा नये. हे दोन तास मन लावून करायचं आणि शेवटी सगळ्या गाड्या आपापल्या जागी वेळेवर पोचल्या की जो आनंद होतो तो समजण्यासारखा नाही. चैतालीला तरी अजून समजलेला नाही.

पूर्वी महिन्याचा पहिला रविवार माझ्याकडे असायचा. दातांची डॉक्टर उत्कर्षा यायची, जिचा हात रुळांना सोल्डरचा डाग देताना कधी थरथरत नाही. खराडीच्या आयटी कंपनीतला विक्रम यायचा. मी कंट्रोलर. "काका, तुमच्यासारखा कंट्रोलर नाही," असं विक्रम एकदा म्हणाला होता. एकदाच म्हणाला, पण म्हणाला होता. मग कुठल्याशा प्रदर्शनात त्याला सर्जेराव भेटले आणि आमच्या रविवारांना पाय फुटले.

सर्जेरावांची रेल्वे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चक्क घाम फुटला. मंगल कार्यालयात पंगत बसेल एवढा हॉल. त्यात घाट, नदी, दोन पूल, साखर कारखाना, आणि त्या कारखान्याच्या धुराड्यातून धूर! एकाच वेळी डझनभर गाड्या धावत होत्या आणि एकीलाही कोणी हात लावत नव्हतं. सगळं कंप्युटर चालवत होता. खाली मटणाचा रस्सा, बाजरीच्या भाकऱ्या. उत्कर्षा, जी माझ्याकडे पोह्यांतले शेंगदाणेसुद्धा बाजूला काढते, तिने दोनदा रस्सा मागून घेतला. "साहेब, लाजू नका, आपलंच घर हाय," असं म्हणत सर्जेरावांनी माझ्या ताटात नळी टाकली. नळी उत्तम होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर पहिला रविवार हडपसरला जायला लागला. एकदा, दोनदा, मग कायमचा. ग्रुपवर मी "या वेळी आमच्याकडे?" असं लिहिलं की विक्रम अंगठा दाखवायचा आणि पुढच्याच ओळीत "सर्जेदादा, मेन्यू काय?" असं विचारायचा. मी ठरवलं, रविवार परत आणायचा. एकदाच असं सेशन करायचं की मंडळींना कळलं पाहिजे, खरी रेल्वे कशाला म्हणतात. आणि सर्जेरावांना त्यांची जागा दाखवायची.

ही जागा दाखवण्याची विद्या मला येते. मी खात्यात आस्थापना शाखेत होतो. आस्थापना शाखा म्हणजे बदल्यांचं टेबल. एखादा माणूस डोईजड झाला की त्याच्याशी भांडायचं नसतं. त्याला मानाने, हार घालून, जिथे फाईल येत नाही आणि फोन वाजत नाही अशा ठिकाणी नेमायचं. आमच्यात त्याला साइड पोस्टिंग म्हणतात. मोठमोठे लोक सहा महिन्यांत मऊ झालेले मी पाहिलेत. तेव्हा मी एक नवीन स्टेशन बांधायचं ठरवलं, खास सर्जेरावांसाठी. हॉलमधून रूळ स्वयंपाकघरात न्यायचे, फ्रिजच्या वरून, भिंतीत बोगदा पाडून पलीकडच्या ड्राय बाल्कनीत. तिथे वॉशिंग मशीनच्या शेजारी, पंख्याविना, एक आडबाजूचं शेवटचं स्टेशन. संपूर्ण सेशनमध्ये तिथे एकच मालगाडी जाणार. नाव ठेवलं आडगाव खुर्द.

बोगदा पाडायला मी स्वतः ड्रिल चालवलं. भिंतीत पाण्याचा पाइप होता. ते मला ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी खालच्या मजल्यावर अभ्यंकरांनाही कळलं. अभ्यंकर आमच्या सोसायटीचे चेअरमन आहेत. वर आले, दारात उभे राहिले, माझ्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या आमटीत पाणी कमी होतं, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

पाइप बंद करायला प्लंबर येईपर्यंत जिन्यात अख्खी सोसायटी जमली. आणि सल्ले! एकाने सांगितलं, पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळा. दुसरे म्हणाले, गुरुवारपर्यंत थांबा, गुरुवारी पाणी बंदच असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं की निवृत्तीनंतर झोप नीट लागते ना, त्यांच्या भाच्याचा एक डॉक्टर आहे. माझ्या विजारीतून पाणी निथळत होतं. अशा अवस्थेत माणूस मानाने उत्तर देऊ शकत नाही. मी "लागते" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अभ्यंकरांनी कमिटी बोलावली. सोसायटीच्या उपविधीत घरात रेल्वे चालवण्याची तरतूद नाही, असा त्यांचा मुद्दा. बंदीचीही नाही, असा माझा. शेवटी परवानगीचा अर्ज करायचं ठरलं, तर अर्जात तीनच प्रकार. 'अंतर्गत बांधकाम' म्हटलं तर इंजिनिअरचा दाखला हवा. 'समारंभ' म्हटलं तर अनामत रक्कम आणि बाराही फ्लॅटच्या सह्या. उरला तिसरा प्रकार, 'पाळीव प्राणी'. त्याला नुसतं हमीपत्र पुरत होतं. मी आयुष्यभर सरकारी कागद हाताळलेले आहेत, मला सोपा कागद लांबून ओळखू येतो. इंजिनं मोजून लिहिलं, संख्या : अकरा. वर्तन : शांत. लसीकरण : लागू नाही. सामाईक जिन्यात घाण करणार नाही. अभ्यंकरांनी तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "प्राण्यांची पाहणी करायला मी रविवारी जातीने येईन." मी या म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चैतालीचा प्रश्न वेगळाच. "त्यांच्याकडे मटण असतं. आपण काय देणार?"

"काही नाही," मी म्हणालो. "सेशन चालू असताना खाणं वर्ज्य. रुळांना तेल लागतं."

"घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवणार? सर्जेराव काय म्हणतील?"

सर्जेराव काय म्हणतील! माझ्या घरात, माझ्या बायकोच्या तोंडून! मी तिथेच नियमावली लिहायला बसलो. नियम पहिला : खाणं नाही. नियम दुसरा : सेशन संपेपर्यंत कंट्रोलरने खुर्ची सोडायची नाही. हा दुसरा नियम मी स्वतःच्या मोठेपणासाठी घातला. खरा कंट्रोलर गाड्या बघत नाही, तो लांब एका खोलीत बसून फोनवर सगळं चालवतो. मी जुन्या बाजारातून फोनचे तीन संच आणले होते. एक बेडरूममध्ये माझ्याकडे, एक हॉलमध्ये जंक्शनवर, एक आडगावला. तारा ओढता ओढता माझी कंबर धरली, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. चैतालीला सांगितलं. तिने शेक दिला आणि अळूची पानं आणायला मंडईत गेली.

रविवारी सगळे वेळेवर आले. मी कामं वाटून दिली. जंक्शनला स्टेशनमास्तर उत्कर्षा. ड्रायव्हर विक्रम. "आणि सर्जेराव, आपल्यासाठी खास जागा ठेवली आहे. आडगाव खुर्द. नवीन स्टेशन आहे, अनुभवी माणूस हवा." हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा उच्चारलं आहे की ते तोंडातून लोण्यासारखं निघतं. सर्जेराव वाकून वाकून त्या ड्राय बाल्कनीत शिरले. धिप्पाड माणूस, वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या स्टँडमध्ये एका स्टुलावर बसला. मला आतून जो गारवा वाटला तो काय सांगू! अभ्यंकर पाहणीसाठी म्हणून मागोमाग होतेच. मी बेडरूममध्ये जाऊन खुर्चीवर बसलो, दार लोटून घेतलं आणि सेशन सुरू झाल्याचं जाहीर केलं.

पहिला अर्धा तास झकास गेला. उत्कर्षा परवानगी मागत होती, मी देत होतो. आडगावचा फोन गप्प होता. मी डोळ्यांपुढे सर्जेराव आणत होतो, घाम पुसणारे, घड्याळ बघणारे. मग आडगावचा फोन वाजला.

"साहेब, आडगाव बोलतोय. माझी मालगाडी कधी येणार?"

"वेळापत्रकाप्रमाणे," मी कोरडेपणाने म्हणालो.

"येऊ द्या, येऊ द्या. घाई नाय. वाट बघायला लय बरं वाटतंय." मागे काहीतरी चुर्र झालं आणि कोणीतरी हसलं. अभ्यंकर! अभ्यंकरांना हसताना मी सोसायटीच्या स्थापनेपासून ऐकलेलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ड्राय बाल्कनीचं दार स्वयंपाकघरात उघडतं. इतक्या वर्षांत ज्या दारातून मी कपडे वाळत घालायला गेलो, तेच दार! मी माझ्या शत्रूला थेट कढईच्या शेजारी नेमलं होतं. आणि चैताली अळूवड्या तळत होती.

ठरल्याप्रमाणे मालगाडी घेऊन विक्रम आडगावला गेला. डबे सोडून दहा मिनिटांत परतायचं होतं. परतला नाही. मी आडगावला फोन लावला. विक्रमनेच उचलला. "काका, इथे शंटिंग चालू आहे. थोडा टाइम लागेल." त्याच्या तोंडात घास होता. मी पहिल्या नियमाची आठवण करून दिली. "हो काका, रुळांपासून लांब धरलीये," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग जंक्शनहून उत्कर्षा. "काका, आडगावला एक जादा पॅसेंजर सोडायची आहे. लाइन क्लिअर द्या."

"वेळापत्रकात नाही."

"सर्जेदादांनी मागितली आहे. आडगावला जत्रा आहे ना."

"कसली जत्रा? मी स्टेशन बांधलं, मला माहीत नाही?"

"ग्रामदैवताची. अहो काका, जत्रेला जादा गाडी सोडतातच की! तुमच्याच नियमावलीत आहे, स्थानिक गरजेनुसार जादा गाडी."

होतं. मीच लिहिलं होतं, नियमावली भरदार दिसावी म्हणून. मी दातओठ खात लाइन क्लिअर दिली. पॅसेंजर गेली आणि तिच्याबरोबर उत्कर्षाही गेली, कारण हाकायला ड्रायव्हरच उरला नव्हता. हॉल शांत झाला. जंक्शनचा फोन वाजत ठेवला, कोणी उचलेना. माझ्या भल्यामोठ्या रेल्वेवर आता कोणी नव्हतं. सगळ्या गाड्या आणि सगळी माणसं आडगाव खुर्दला होती, आणि तिथून हसण्याचे लोटच्या लोट येत होते. खुर्चीवर मी, समोर वेळापत्रक, मागे कपड्यांचं कपाट.  सर्जेरावांनी हडपसरला माझे मित्र नेले ते एक वेळ ठीक. माझ्याच घरात, माझ्याच ड्राय बाल्कनीत पुन्हा नेले!

उठावंसं फार वाटत होतं. पण नियम दुसरा. तो मोडताना अभ्यंकरांनी पाहिलं असतं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक सभेत ऐकावं लागलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. "मी आडगावहून बोलतेय," चैताली म्हणाली. चैताली! जिने आजवर माझ्या एका सिग्नलला हात लावलेला नाही, ती. "तुम्हाला खुर्ची सोडता येत नाही ना? सर्जेभाऊंनी तुमच्यासाठी स्पेशल पार्सल गाडी काढली आहे. लाइन क्लिअर देता का?"

सर्जेभाऊ! मी लाइन क्लिअर दिली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाडी येईना. मग एकदम कालवा ऐकू आला आणि त्यात अभ्यंकरांचा खणखणीत आवाज, "बोगद्यात अडकली! माझ्या छतावर पुन्हा ड्रिल चालवायचं नाही, सांगून ठेवतो!" आता अपघाताला कंट्रोलर धावून गेला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही. मी असा सुटलो की चप्पलसुद्धा घातली नाही.

चैतालीची अळूवडी माझ्या बोगद्यापेक्षा रुंद होती. उघड्या डब्यावर उभी ठेवलेली वडी भिंतीच्या बरोबर मध्ये जाऊन बसली होती. मागून इंजिन ढकलत होतं आणि रुळांवर तेलाचा ओघळ होता. उत्कर्षाने पर्समधून दातांचा चिमटा काढला, एक डोळा मिटला, आणि तिच्या तोंडून नेहमीचं "आ करा" निघून गेलं. वडी सगळी एकदम निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अभ्यंकरांनीसुद्धा.

तेव्हा मी पहिल्यांदा आडगाव पाहिलं. उलट्या बादलीवर अभ्यंकर, कपड्यांच्या स्टँडखाली मांडी घालून विक्रम, उंबऱ्यावर चैताली. फलाटाशेजारी सर्जेरावांनी मांडलेली जत्रा: बाटलीच्या झाकणाचं देऊळ, तिळाचे नारळ, माझ्या शर्टाच्या बटणांचा पाळणा, कोथिंबिरीचं झाड. झाडाखाली काड्यापेटीचा बाक. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं, तरी कोणीतरी गाडीची वाट बघतंय असं वाटत होतं. माझ्या हॉलभर स्टेशनांत असं एकही ठिकाण नाही. मला इतका हेवा वाटला की मी वडी खायची विसरलो.

सर्जेराव स्टुलावरून उठले. डोकं वाळत घातलेल्या टॉवेलला लागलं. "साहेब, रागावला नाय ना? आवो, माझ्याकडं सगळं कंप्युटर करतो. मी बटन दाबतो आन् उभा राहतो. पाहुण्यांनाबी काय काम नाय. म्हणून तर मटण घालतो मी, नायतर कोण येईल? आज पयल्यांदा मला कुणी स्टेशन दिलं. एक गाडी येणार म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "आता पहिला रविवार इथंच. मी हडपसरहून बसने येईन, पण मला हे आडगाव द्या."

म्हणजे मी जिंकलो होतो. रविवार परत आला होता, तोही मटणाशिवाय. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष त्या बाकाकडे होतं. मी म्हणालो, "बघू. पुढच्या वेळी आडगावला मी स्वतः बसायचा विचार करतोय."

 विक्रम म्हणाला, "काका, नेक्स्ट टाइम माझा नंबर, मी सांगून ठेवलंय." उत्कर्षा म्हणाली तिने त्याच्याही आधी सांगितलं आहे. अभ्यंकर बादलीवरून न उठता म्हणाले की पाहणी अपुरी आहे, ती पूर्ण करायला त्यांना एक पूर्ण सेशन आडगावला बसावं लागेल, आणि चेअरमन म्हणून तो त्यांचा हक्क आहे.

रात्री सगळं आवरल्यावर मी रीतसर विनंती-बदलीचा अर्ज लिहिला. बदल्यांच्या टेबलावर पस्तीस वर्षं काढून पहिल्यांदाच स्वतःसाठी. कोणाला द्यायचा ते कळेना, म्हणून चैतालीला दिला, कारण आडगाव तिच्या स्वयंपाकघराच्या हद्दीत येतं. तिने तो कणकेच्या हातानेच घेतला आणि फ्रिजवर चिकटवलेल्या आडगावच्या यादीखाली खोचला.

"वेटिंगला आहात," ती म्हणाली. "अभ्यंकरांच्या नंतर. आणि अभ्यंकरांच्या आधी मी आहे."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत कंट्रोलला बसा ना. तिकडे जायला कोणी तयारच नाहीये."